दर पावसाळ्यात चेंबर तुंबतं आणि शेजाऱ्यांशी वाजतं: उंबराच्या मुळांवर आम्ही काय केलं

दर श्रावणात आमच्या मागच्या अंगणातलं चेंबर तुंबायचं. नाशिकमध्ये इंदिरानगरच्या बाजूला आमचं जुनं रो-हाउस आहे. आधी मोरीतलं पाणी उतरेनासं व्हायचं, मग संडासात गुडगुड आवाज, आणि दोन दिवसांत चेंबरच्या झाकणाखालून घाण पाणी थेट तुळशीवृंदावनापर्यंत. बांबूच्या पट्ट्या घेऊन माणूस यायचा, मुळांचा झुबका ओढून काढायचा, पैसे घेऊन जायचा. त्याच संध्याकाळी भिंतीपलीकडच्या काकूंशी माझं वाजायचं, कारण त्यांच्या बाजूला, भिंतीला अगदी लागून, उंबराचं झाड आहे. सलग चार पावसाळे हेच चाललं. चौथ्या वर्षी तर आम्ही हळदीकुंकवालाही एकमेकींकडे गेलो नाही.

आता तो प्रश्न सुटला आहे. ओळखीतल्या आणखी दोन-तीन घरांत अशीच भांडणं चालू आहेत, त्यात एका ठिकाणी प्रकरण पोलिसांत गेलंय. म्हणून आम्ही काय चुकलो आणि काय जमलं ते सविस्तर लिहिते.

मूळ कोणाचं आहे ते आधी ठरवा

चेंबरमधून निघालेला झुबका बघून झाड ओळखता येत नाही. सगळी बारीक मुळं काथ्यासारखीच दिसतात. आमच्याकडे निघालेला झुबका हातभर लांब होता, तांबूस तपकिरी, टोकाला पांढरा, आणि त्यात भाताची शितं आणि साबणाचा तुकडा अडकलेला. तो मी बादलीत टाकून काकूंच्या दारात नेऊन ठेवला होता. आज आठवलं की वाईट वाटतं. त्या वयाच्या बाईच्या दारात मी घाण नेऊन ठेवली, आणि शिवाय ती मुळं उंबराचीच आहेत हे मला ठाऊकही नव्हतं. आमच्याच अंगणात तेव्हा एक शेवगा होता.

ओळखायचं तर चेंबरजवळ खणून बोटाएवढं जाड मूळ शोधा आणि त्याला नखाने किंवा सुरीने खरवडा. उंबर, वड, पिंपळ किंवा रबराचं झाड असेल तर पांढरा चीक येतो. शेवग्याच्या मुळाला मोहरीसारखा झणझणीत वास असतो, एकदा घेतला की विसरत नाही. आंब्याच्या मुळाला कैरीच्या चिकासारखा वास येतो. वासावरून कळलं नाही तर मूळ कुठल्या दिशेने जाड होत जातंय ते बघत हाताने थोडं थोडं उकरत जा. मूळ झाडाकडे जाताना जाड होतं. एवढं केलं तर निम्मी भांडणं सुरूच होणार नाहीत. आमच्या ओळखीतल्या एका घरी शेजाऱ्याच्या आंब्यावर दोन वर्षं राग काढला आणि शेवटी मुळं निघाली रस्त्याकडेच्या गुलमोहराची. रस्त्यावरचं झाड महापालिकेचं असतं, तिथे शेजाऱ्याशी बोलण्याचा संबंधच नाही.

मूळ पाइप फोडतं का?

चार वर्षं मी काकूंना हेच ऐकवत होते, की तुमच्या झाडाने आमचा पाइप फोडला. मिस्त्रींनी खड्डा खणल्यावर वेगळीच गोष्ट समोर आली.

आपल्याकडे बऱ्याच भागांत वर काळी माती आणि खाली मुरूम असतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, एप्रिल-मेमध्ये मोकळ्या प्लॉटवर हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात. ही माती दरवर्षी पाइपाला वर-खाली हलवते. जुन्या घरांमध्ये जमिनीखाली दोन-दोन फुटांचे चिनीमातीचे पाइप असतात, त्यांचे सांधे सिमेंटने भरलेले. तो सांधा हलत नाही, तो तडकतो. तडकला की त्यातून पाणी झिरपतं, शेजारची माती उन्हाळ्यातही ओली राहते, आणि मूळ ओलाव्याच्या दिशेने वाढतं. केसाएवढं मूळ त्या फटीतून आत शिरतं. आत पाणी, खत, हवा सगळं तयार. मग ते आतल्या आत फोफावतं आणि जाड होताना फट आणखी रुंद करतं.

म्हणजे मुळामुळे नुकसान वाढतं हे खरं, पण धडधाकट, न गळणारा पाइप फोडून मूळ आत शिरत नाही. जुने पाणाडे उंबर दिसला की जवळ पाणी आहे असं सांगतात. माझी आजी उंबराचं मूळ खणून, त्याचं टोक कापून खाली मडकं ठेवायची आणि रात्रभरात जमलेलं उंबराचं पाणी उष्णतेवर द्यायची. इतकं पाणी ओढणाऱ्या झाडाशेजारी आम्ही गळका पाइप ठेवला होता.

म्हणूनच नुसती मुळं ओढून काढली की ती परत येतात, आणि दाट येतात. कापलेल्या टोकाला चार नवे फाटे फुटतात. मी दोनदा मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, ओतलं. आठ महिने बरे गेले आणि पुन्हा तेच. ॲसिड ओतायला सांगणारेही भेटतील. ॲसिडने सिमेंटचे सांधे आणि चेंबरचं प्लास्टर खाल्लं जातं, म्हणजे मुळाला नवी दारं उघडतात. खरंच ओतू नका.

भिंतीच्या भेगांचं निदान

आमच्या सामाईक भिंतीलाही भेग होती, तिचाही दोष मी उंबरालाच दिला होता. मिस्त्रींनी भेगेवर काचेची एक पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवली आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली. भेग हलली तर काच तडकते. आमची काच पहिल्याच मे महिन्यात तडकली, आणि ऑगस्टमध्ये पाहिलं तर भेग जवळजवळ मिटलेली. उन्हाळ्यात उघडणारी आणि पावसात मिटणारी भेग मुख्यतः मातीची असते. मुळाने भिंत उचलली असेल तर एकाच जागी फुगवटा दिसतो, भिंत झाडापासून लांब कलते, आणि ती पावसाळ्यात परत जागेवर येत नाही. मोठं झाड मातीतलं पाणी ओढून ती जास्त आकसवतं हेही खरं, त्यामुळे दोन्ही कारणं एकत्र असू शकतात. पण निदान एक वर्षभर बघितल्याशिवाय कोणावर आरोप करू नका, आणि भेग लगेच सिमेंटने लिंपून पुरावाही बुजवू नका.

खड्डा उघडा असताना शेजाऱ्यांना बोलवा

या सगळ्यातली सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट हीच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

चौथ्या वर्षी मी दिवाळीपर्यंत थांबले. पाऊस संपलेला, माती वाफशावर आलेली, कोणाचंच डोकं तापलेलं नाही. आदल्या दिवशी काकूंकडे गेले आणि एवढंच म्हटलं, "काकू, उद्या मागे खणतोय. तुम्ही येऊन बघाल का?" त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला काठी टेकत आल्या. मी त्यांना प्लास्टिकची खुर्ची दिली.

काकूंचा स्वभाव तापट नाही. पण त्या झाडाला हात लावायचं म्हटलं की त्या ऐकूनच घ्यायच्या नाहीत, आणि त्याला कारण होतं. ते झाड कोणी लावलेलं नाही. भिंतीच्या फटीत पक्ष्याने बी टाकलं, रोप आलं, काका उपटायला निघाले आणि पानं बघून थांबले. औदुंबर म्हणजे दत्ताचं स्थान. इथे त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर गोदावरी उंबराच्या मुळाशी उगम पावते असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. काका गेले, आणि तेव्हापासून काकू दर गुरुवारी त्या झाडाखाली दिवा लावतात. मी चार वर्षं "ते झाड तोडा" म्हणत होते तेव्हा त्यांना काय ऐकू येत असेल याचा मी विचारच केला नव्हता.

मिस्त्रींनी पाइपाभोवतीची माती हाताने काढली, सांध्यावर मग्याने पाणी ओतून तो धुतला. अंगठ्याएवढं मूळ सांध्याला कवटाळून होतं आणि त्याचे फाटे फटीत शिरलेले. मूळ जिथे शिरलं होतं तिथलं सिमेंट पूर्वीच झडून गेलेलं, कडा गुळगुळीत झालेल्या. आणखी पुढचा एक सांधा मुळापासून चार फूट लांब होता, त्याला मूळ शिवलंही नव्हतं, तरी तोही तडकलेला आणि खालची माती चिखल.

काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आमचं झाड तुमच्या फुटक्या पाइपाचं पाणी पितंय होय गं?"

मी म्हटलं, "हो काकू. पाइप आमचाच आधी फुटलाय."

त्यावर त्याच म्हणाल्या, "मग मूळ कापायला लागेल तेवढं काप. झाड मात्र राहू दे." चार वर्षं मी जे भांडून मिळवू शकले नाही ते एका सकाळी मिळालं, आणि मला त्यांच्याकडून तेवढंच हवं होतं.

शेजारी पुण्या-मुंबईला असतील तर खड्डा उघडा असतानाच व्हिडिओ कॉल लावा. फोटो पाठवून जमत नाही, फोटोवर लोक वाद घालतात. खड्ड्यात पाणी ओतलेलं दिसलं की समजतं.

प्रत्यक्ष दुरुस्ती

पाइप आमचा, त्यामुळे त्याचा खर्च आम्ही केला. घरापासून बाहेरच्या चेंबरपर्यंतची चिनीमातीची सगळी लाइन काढून चार इंची पीव्हीसी टाकली. एकच फुटका तुकडा बदलून भागत नाही, कारण मूळ पुढच्या सांध्याला जाऊन लागतं. सांधे सोल्यूशनने चिकटवलेले आणि शक्य तितके कमी. फुटाला पाव इंच उतार. पाइपाखाली आणि भोवती वाळू, वर मुरूम. खणलेली काळी माती परत भरायची नाही, नाहीतर तीच पुन्हा पाइपाला हलवणार. आमच्या मिस्त्रींनाही ही गोष्ट दोनदा सांगावी लागली, कारण ढीग शेजारीच पडलेला असतो आणि तो ओढून टाकणं सोपं असतं.

पाइप चेंबरमध्ये शिरतो ती जागा सगळ्यात कच्ची. तिथे वॉटरप्रूफिंगचं रसायन घालून सिमेंट भरून घ्या आणि विटांचं चेंबर आतून नव्याने प्लास्टर करा. बुजवण्याआधी चाचणी: खालचं तोंड बंद करून रात्री लाइन पाण्याने भरा, चेंबरमध्ये खडूने पातळीची खूण करा, सकाळी बघा. आमची पातळी पहिल्या रात्री दोन बोटं उतरली होती. एक सांधा परत केला.

मुळाबाबत साधा हिशेब आहे. छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास मोजा. त्याच्या तिपटीपेक्षा जवळचं मूळ कधीच कापू नये आणि पाचपट अंतर सोडलं तर चांगलं. आमच्या उंबराचा व्यास साधारण दीड फूट, म्हणजे पाचपट साडेसात फूट. पाइप आठ फुटांवर होता, म्हणून जमलं. मूळ करवतीने स्वच्छ कापायचं. जेसीबीच्या दाताने ओढून फाडलं की ते आत खोडापर्यंत चिरत जातं आणि कुजतं. एकाच वर्षी दोन बाजूंची मुळं कापायची नाहीत. आणि हे काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतच करावं. मे महिन्याच्या शेवटी मुळं कापलेलं झाड पहिल्या वादळी पावसात ओल्या मातीतून उन्मळू शकतं, आणि ते पडलं तर तुमच्याच घरावर पडेल.

कापलेल्या टोकांपुढे, पाइप आणि झाड यांच्या मध्ये पण पाइपालगत, अडीच-तीन फूट खोल चर घेऊन जाड एचडीपीई (प्लास्टिकची) शीट उभी पुरली. तिची कड जमिनीवर दोन बोटं ठेवली, नाहीतर मूळ वरून उडी मारून येतं. या कामाचा खर्च आम्ही दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा केला.

भिंतीचं काम सगळ्यात सुंदर झालं. भिंतीखालून गेलेलं जाड मूळ खोडाच्या इतकं जवळ होतं की ते कापता येणारच नव्हतं. मिस्त्रींनी मुळाच्या दोन्ही बाजूंना फुटिंग घेऊन वरून बीम टाकला आणि भिंत बीमवर उभी केली. मुळाभोवती चार इंच मोकळी जागा ठेवली, कारण ते अजून जाड होणार. उंदीर येऊ नयेत म्हणून तिथे जाळी लावली आहे.

परवानगी आणि कागद

आपल्या बाजूला आलेली फांदी किंवा मूळ आपण आपल्याच हद्दीत उभं राहून कापू शकतो, असं सर्वसाधारण तत्त्व आहे. पण शहरात तेवढ्यावर विसंबू नका. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ या कायद्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणंही येतं, आणि स्वतःच्या अंगणातल्या झाडालाही तो लागू आहे. २०२१ च्या सुधारणेनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज वृक्ष मानलं जातं आणि त्याचे नियम आणखी कडक आहेत. झाड तोडायला परवानगी मिळाली तरी तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावावी लागतात.

म्हणून महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करा. आम्ही आमच्या विभागीय कार्यालयातून चौकशी सुरू केली. अर्जाला झाडाचे आणि नुकसानीचे फोटो, घराच्या मालकीचा कागद आणि काकूंचं सहीचं संमतीपत्र जोडलं. संमतीपत्र असलं की पाहणीला येणाऱ्यांशी बोलणं सोपं जातं. मंजुरीचा कागद हातात आल्यावरच करवत लावली.

काकूंशी ठरलं तेही एका पानावर लिहून काढलं: कुठलं मूळ कापणार, कोणता खर्च कोणाचा, गटारावर पडणारी उंबरं आणि पानं कोण झाडणार, पुढची तपासणी कधी. खाली दोघींच्या आणि काकूंच्या मुलाच्या सह्या. काकूंना सुरुवातीला ते परकेपणाचं वाटलं. मी त्यांना सांगितलं की उद्या आपली मुलं राहायला आली तर त्यांना कळायला हवं. ते त्यांना पटलं.

झाड नक्की कोणाच्या हद्दीत आहे यावरच वाद असेल तर आधी हद्द कायम मोजणीसाठी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करा. जुन्या कंपाउंडची भिंत म्हणजे हद्द असं गृहीत धरू नका.

समोरचे काही केल्या ऐकत नसतील तर

तसेही शेजारी असतात, त्यांना खड्डा दाखवूनही उपयोग होत नाही. अशा वेळी साध्या भाषेत एक पत्र लिहा: काय नुकसान झालंय, कधीपासून, काय करावं असं तुम्हाला वाटतं. ते पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा आणि फोटो, सफाईची बिलं, काचपट्टीच्या तारखा सगळं एका फाइलमध्ये ठेवा.

त्यानंतर थेट वकिलाकडे जाण्याआधी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. दावा दाखल करण्याआधीच प्रकरण लोकअदालतीपुढे ठेवता येतं, त्याला कोर्ट फी नाही, आणि तिथे झालेल्या तडजोडीला हुकूमनाम्याचं बळ असतं. त्यावर अपीलही नसतं, म्हणून सही करण्याआधी अटी नीट वाचा. ते जमलं नाही तर दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम आणि भरपाईचा दावा आहेच. पण तिथेही पहिला प्रश्न पाइप आधी फुटला की मूळ आधी शिरलं हाच येणार, त्यामुळे आपला पाइप दुरुस्त न करता कोर्टात जाण्यात अर्थ नाही.

झाड कलंडलंय, खोड पोकळ आहे, माणसाच्या अंगावर पडेल अशी भीती आहे, तर मात्र वाट पाहू नका. महापालिकेला लेखी कळवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ नुसार पडण्याच्या स्थितीतलं धोकादायक झाड हटवण्याचा किंवा त्याला आधार देण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं, जुन्या वकिलांच्या तोंडी अजून तोच आकडा असतो.

पोलिसांत गेलेल्या ओळखीच्या घराचं सांगायचं तर तिथे अदखलपात्र नोंद झाली, दोन्ही घरांना समज दिली गेली, आणि पुढच्या पावसाळ्यात चेंबर पुन्हा तुंबलं.

आमच्याकडे त्यानंतर दोन पावसाळे कोरडे गेले. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी मी झाकण उघडून बॅटरीने आत बघते आणि काकू भिंतीपलीकडून विचारतात, "आलंय का गं?" यंदा चेंबरच्या कोपऱ्यात, जिथे पाइप शिरतो तिथे, केसासारखी दोन मुळं दिसली. मी ती काकूंना दाखवली. मिस्त्रींना तो कोपरा परत भरायला बोलावलंय, फक्त गुरुवार सोडून या म्हणून सांगितलंय.